आदगोंडाचं पाणी

"चपला बांधावर," पद्माक्का म्हणाल्या.

मी काढल्या. पानमळ्यात पायताण घालून जात नाहीत, हे मिरजेच्या आसपास वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. सांगावं लागलं ते मी रागात होते म्हणून. आत पाऊल ठेवलं आणि तळवा पोळला. पानमळ्यात मे महिन्यातसुद्धा ओल असते, अंधारलेलं असतं, बाहेरचं ऊन आत विसरायला होतं असं मी ऐकत आले होते. इथे शेवरीच्या झाडांमधून ऊन सरळ खाली पडत होतं आणि वेलींची पानं कान पाडलेल्या शेळीसारखी लोंबत होती.

पद्माक्का साठीच्या. उंच, हाडकुळ्या, ओचा खोवलेला. भेटायला आलेल्यांना घरचं माणूस आजारी असताना जसं दाखवतात तसा त्यांनी मला मळा दाखवला. ही ओळ जुनी. ही मालकांनी जायच्या आदल्या साली लावलेली. ही गेली. ही आज-उद्या. त्यांनी एक पान खुडून मुठीत चुरडलं. चुर्र आवाज झाला.

"हिरव्या पानाचा आवाज येत नसतोय," त्या म्हणाल्या. "आता सांग. पाणी संस्थेचा सचिव म्हणतोय, मशिनीतनं मालक निघाले. कुठं निघाले?"

मला जे सांगायला पाठवलं होतं ते पाठ करवून घेऊन पाठवलं होतं. नोंद उपलब्ध नाही, वारस नोंदीचा अर्ज द्या, संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत विषय घेऊ. मी पहिली दोन वाक्यं म्हटली. तिसऱ्याला त्यांनीच विचारलं, बैठक कधी.

"जुलैत."

त्या हसल्या. मळ्याकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "जा, पोळत असतील."

गोष्ट २००९ सालची. माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. माणूस भेटला की त्याला जमेच्या बाजूला लिहायचं की नावे टाकायचं, ही सवय मी त्यांच्याकडून उचलली. शेटे सरांना मी सुरुवातीला जमेला धरलं होतं. विश्रामबागेत दातांच्या दवाखान्यावर त्यांची सॉफ्टवेअर कंपनी होती, आम्ही पाच जण. सर पुण्याला मोठ्या ठिकाणी नोकरी करून आलेले आणि पर्ल या भाषेवर त्यांचा जीव. तेव्हाच लोक म्हणायला लागले होते की पर्ल म्हातारी झाली. सर म्हणायचे, म्हातारी नाही, अनुभवी. शिकवायचे मात्र मनापासून. मला जे येत होतं त्यातलं निम्मं त्यांचं होतं, हे मी आजही खोडत नाही.

बोरवडगीच्या पाणी संस्थेचं काम आलं. नदीवरून मोटारींनी पाणी उचलायचं, पाइपाने शिवारात न्यायचं, आणि जागोजागी बसवलेल्या गेटांवरून शेतकऱ्यांना पाळीपाळीने सोडायचं. कुणाची पाळी कोणत्या वारी, किती वेळ, हे पूर्वी सचिवांच्या डोक्यात असायचं. मग कुणीतरी एक जुनाट प्रोग्रॅम करून दिला होता. आम्ही तो काढून पर्लच्या फ्रेमवर्कवर नवा बसवणार होतो. माहिती जुनीच वापरायची. सभासदांचा एक तक्ता, जमिनींचा एक, पाळ्यांचा एक.

माझ्याकडे काम आलं ते या तक्त्यांना वेबच्या पानांशी जोडायचं. ही दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. पानाला तक्त्याची भाषा कळत नाही, तक्त्याला पान म्हणजे काय ते ठाऊक नाही. मध्ये एक थर बसवावा लागतो. बोरवडगीत गजबर मुल्ला नावाचा पाटकरी होता, गेटांची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून हिंडणारा. त्याला मी हे समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे नदीला रान म्हाईत न्हाई, रानाला नदी म्हाईत न्हाई. मधी मी." यापेक्षा सोपं मला आजवर जमलेलं नाही.

एक आज्ञा दिली की हा थर स्वतःच तक्ते वाचतो आणि तक्त्यागणिक एक फाईल लिहून ठेवतो. फाईलमध्ये एक रेघ असते. रेघेच्या वरचं यंत्राचं, त्याला हात लावायचा नाही. खालचं तुमचं. पण तक्ते वाचून त्याला रकाने कळतात, नाती कळत नाहीत. जुन्या तक्त्यांत नाती कुणी नोंदवलीच नव्हती. ती मी रेघेखाली हाताने लिहिली. एका सभासदाच्या अनेक जमिनी, एका जमिनीच्या अनेक पाळ्या. आता या थराची एक खोड आहे, आमच्या भाषेत डिफॉल्ट. 'ही याची लेकरं' असं एकदा त्याला सांगितलं, की बाप काढल्यावर तो न विचारता लेकरंही काढतो. नको म्हणून लिहून ठेवलं तरच थांबतो.

मी लिहून ठेवलं. त्याला कारण होतं.

संस्थेचे सचिव बाळासो मगदूम. गोल चेहरा, खिशाला दोन पेनं आणि एक पेन्सिल, बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं आपलंच काम चाललंय. जमिनींची माहिती तपासायला मी त्यांच्याकडे गेले, तर सभासदांत मेलेले बरेच. मी विचारलं, हे काढायचे ना. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी नदीच काढायची म्हटलं.

"मेला तरी सभासद जातोय कुठं, मॅडम? पाणी त्याच्या नावावर हाय. वारस नोंद करायची म्हटली की भाऊ भांडत्यात, बहिणी सह्या देत न्हाईत. त्यापेक्षा मेलेला बरा. तो भांडत न्हाई."

म्हणजे बोरवडगीत माणूस मेला तरी त्याच्या नावानं पाणी वाहत राहायचं, आणि गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. म्हणून मी त्या दोन नात्यांपुढे दोन ओळी घातल्या. सभासद गेला तरी जमीन राहू दे, जमीन गेली तरी पाळी राहू दे.

शेटे सरांनी माझं काम तपासलं. त्यांना आटोपशीर लिहिलेलं आवडायचं.

"या दोन ओळी कशाला?"

मी मेलेल्यांचं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "बाप नसलेल्या नोंदी म्हणजे अनाथ नोंदी, कुंदा. अनाथ नोंदी म्हणजे कचरा. डिफॉल्ट शहाण्या माणसांनी ठरवलेला असतो. डिफॉल्टच्या विरुद्ध लिहायचं नाही." आणि माझ्यादेखत दोन्ही ओळी काढल्या. मी हटून बसले तेव्हा त्यांनी एक प्रश्न विचारला. मेल्यावरसुद्धा ज्यांना सभासद ठेवतात, त्यांना कुणी काढेलच कशाला?

याचं उत्तर मगदुमांकडे होतं, आणि मार्चअखेर त्यांनी ते दिलं.

दर वर्षी लेखापरीक्षक येत. त्यांना मेलेले सभासद चालत नसत. म्हणून ते यायच्या आदल्या दिवशी मगदूम खिशातली पेन्सिल काढून सभासदांच्या वहीत मेलेल्यांवर हलक्या हातानं रेघ मारत. साहेब तपासून, जेवून, पान खाऊन गेले की खोडरबरानं रेघा पुसत. वीस वर्षं असं चाललं होतं, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. त्या वर्षी पहिल्यांदाच वही बंद होऊन सभासद फक्त मशिनीत होते. मगदुमांनी एकेक मेलेला शोधून 'काढा' दाबलं. साहेब जेवून गेल्यावर सगळी नावं परत टाइप केली. नावं आली. त्यांना वाटलं, पुसली रेघ.

पुढच्या शुक्रवारी पाळीपत्रक वाचताना कळलं की नावं आली, पण जमिनी आणि पाळ्या गेल्या.

इथपर्यंत मी कुणालाच नावे टाकत नाही. शेटे सरांना व्यवस्थितपणा नडला, मगदुमांना खोडरबर. चूक तर चूक. माझा हिशेब सुरू होतो तो तिथून पुढे.

मेलेल्यांची पोरं संस्थेत आली. आमच्या बापाची पाळी कुठाय? मगदुमांनी खुर्चीवरून न उठता, कागद न बघता, ज्याची त्याची पाळी सांगितली आणि टाइप केली. गावाचं सगळं पाणी त्यांना पाठ होतं. दोन तासांत सगळे मेलेले पुन्हा पाण्याला लागले.

एक सोडून. आदगोंडा भीमगोंडा खोत, पद्माक्कांचे मालक. त्यांना मुलगा नव्हता, एक मुलगी, ती अथणीला दिलेली. नऊ नंबरच्या गेटावर त्यांची पाळी होती आणि त्यांच्या पाठोपाठ चेअरमन रावसो चौगुल्यांचा ऊस. त्या गेटावर ही दोनच नावं. गावाचा नियम असा, की कुणाची वेळ रिकामी राहिली तर ती पुढच्याला जाते. तो नियम मी प्रोग्रॅममध्ये घातलेला होता. त्यामुळे कुणाला काही चोरावं लागलं नाही. कुणी बोट हलवलं नाही. मशिनीनं रिकामी वेळ पाहिली आणि उसाला दिली.

हे मला शेटे सरांनी सांगितलं नाही. सरांनी फक्त म्हटलं, एक बाई तक्रार करतेय, जाऊन समजूत घाल. मला हे कळलं गजबरकडून, त्या दिवशी तो मला मळ्यापर्यंत सोडायला आला तेव्हा, वाटेत. पद्माक्का तीन शुक्रवार संस्थेत जाऊन आल्या होत्या. मगदूम दर वेळी अदबीनं की-बोर्ड पुढे ओढायचे.

"सभासदाचं नाव सांगा, अक्का. शोधतो."

पद्माक्का त्या पिढीच्या आणि त्या घरच्या. नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात तोंडाने उच्चारलेलं नव्हतं. तो गेल्यावर तर नाहीच. त्या म्हणायच्या, तुम्हाला ठाऊक हाय की. आणि मगदूम म्हणायचे, "मला ठाऊक असून काय उपयोग? मशिनीला ठाऊक पायजे." मग बसलेली माणसं जमिनीकडे बघायची. पद्माक्का घरी जायच्या.

"तू होतास तिथं?" मी गजबरला विचारलं.

"हुतो."

"मग?"

त्याने चावी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "कागदावर न्हाई ते पाणी मी सोडलं तर मला कोण ठेवंल, मॅडम? तुम्ही ठेवशीला?"

मळ्यातून बाहेर आल्यावर बांधावर उभं राहून मी शेटे सरांना फोन लावला. म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे, मी संस्थेत जाऊन पाळी परत भरते. सर म्हणाले, कुणाच्या सांगण्यावरून. मी म्हटलं, सगळ्या गावाला माहीत आहे. त्यावर ते शिकवतानाच्या त्याच मऊ आवाजात म्हणाले की चौगुले साखर कारखान्यावर संचालक आहेत, कारखान्याचं काम आपल्याला मिळू घातलंय, आणि पहिल्याच कामात सिस्टिम चुकली असं बाहेर गेलं तर तुमचे पगार मी कुठून देऊ. ते स्वतः तिकडेच यायला निघाले होते. तोवर मी काही हात लावायचा नव्हता.

गुपचूप पाळी भरणं मला अवघड नव्हतं. पण मी भरली असती आणि मगदुमांनी काढली असती. काढायला ते आता शिकले होते.

शुक्रवार होता. दुपारी तीनला संस्थेत पाळीपत्रक वाचायची पद्धत, त्यामुळे वीसेक माणसं सतरंजीवर बसलेली. समोर टेबलावर मशीन, त्यावर मगदुमांच्या घरून आलेलं विणकामाचं झाकण, आता अर्धं उचललेलं. चेअरमन चौगुले खुर्चीत. पांढरे कपडे, बारीक आवाज, रागावलेले कुणी पाहिलेले नाहीत. त्यांच्यासाठी रागवायला दुसरी माणसं होती. शेजारी शेटे सर, हातात सरबताचा पेला. पद्माक्का माझ्या मागून आल्या. चपला दारात काढल्या आणि उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून तिथेच थांबल्या. बायका बसत नसत तिथे.

चेअरमननी मला टेबलाजवळ बोलावलं. म्हणाले, सांगा मॅडम, काय ते सगळ्यांसमोर होऊ दे, नंतर बोलणं नको.

मी तोंड उघडायच्या आत शेटे सर उभे राहिले. सिस्टिम तपासली, सिस्टिममध्ये काही दोष नाही, असं त्यांनी सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुरुवातीला माहिती भरतानाच ती नोंद आमच्या या मुलीकडून राहून गेली असावी. नवीन आहे."

वडील म्हणायचे, माणूस नावे टाकायचा तर शाई वाळू द्यावी, घाई करू नये. मी घाई केली. या माणसानं माझ्यादेखत दोन ओळी खोडल्या होत्या. आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाला, सतरंजीवरच्या, खुर्चीवरच्या, दारात चावी घेऊन उभ्या असलेल्या, प्रत्येकाला माहीत होतं की नऊ नंबरच्या गेटावर पानमळ्याला पाणी असतं आणि ते कधी असतं.

चेअरमन समजुतीनं बोलत होते. "हे बघा, मशीन आलं ते बरं झालं. माणूस तोंड बघून देतो, मशीन बघत न्हाई. त्याला चेअरमन कळत न्हाई, विधवा कळत न्हाई. मशिनीत हाय त्याला पाणी, न्हाई त्याला न्हाई. मलाबी हाच नियम."

"तुम्हालाही?" मी विचारलं.

"मलाही."

मी मशिनीसमोरच्या रिकाम्या खुर्चीत बसले आणि माउस ओढला. मशीन मगदुमांच्या नावानं चालूच होतं. 'चौगुले' टाइप केलं, नाव आलं, 'काढा' दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, खरंच काढायचं का? तो प्रश्न मीच लिहिला होता. होय म्हटलं. मग नऊ नंबरच्या गेटाचं पान उघडून पडदा सतरंजीच्या बाजूला वळवला. पान कोरं होतं. पुढच्या गेटांवरही जिथे जिथे ते नाव होतं तिथे आता काही नव्हतं.

मगदूम उठून उभे राहिले. "ओ मॅडम. काय केलासा?"

"चेअरमनसाहेबांची नोंद मशिनीत नाही," मी म्हटलं. "सुरुवातीलाच राहून गेली असावी."

मागे कुणीतरी हसलं आणि खोकल्यात घालवलं. शेटे सर माझ्या कानाशी आले. सरबताचा वास आला. "बॅकअप आहे ना?"

"डिफॉल्टच्या विरुद्ध मी काही करत नाही, सर."

चौगुल्यांच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. ते मगदुमांना म्हणाले, परत घाला. मगदूम खुर्चीकडे आले, पण खुर्चीत मी बसले होते आणि उठत नव्हते. मी की-बोर्ड पुढे ओढला.

"सभासदाचं नाव सांगा," मी मगदुमांना म्हटलं. "शोधते."

मगदुमांना ते वाक्य ओळखू आलं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. पण चेअरमन बघत होते. मगदुमांनी सांगायला सुरुवात केली. नाव, बापाचं नाव, गेट, रान, वार, वेळ. डोळे मिटून सांगत होते, स्तोत्र म्हटल्यासारखं. मध्ये एक जमीन राहिली तर सतरंजीवरून दोघातिघांनी एकदम आठवण केली. कुणी म्हणालं, ओढ्याकडच्या तुकड्याचा बुधवार राहिला की. कुणी म्हणालं, बुधवार न्हवं, गुरुवार, साहेबांनी दिवाळीत बदलून घेतलाय. गजबरनेसुद्धा दारातून एक वेळ दुरुस्त केली. मी टाइप करत गेले. एका माणसाचं पाणी इतक्या माणसांना पाठ असतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

सगळं झाल्यावर मी हात मांडीवर ठेवले.

"आता याच गेटावर साहेबांच्या आधी कोण?"

आत्ता बुधवार-गुरुवारवरून भांडणारे सगळे सतरंजीची वीण बघायला लागले.

"अक्का आल्यात न्हवं," मगदूम म्हणाले. "त्यांनीच सांगावं."

"त्या सांगणार नाहीत. तुम्हाला माहीत आहे. म्हणूनच तुम्ही विचारता." माझा आवाज चढला होता, मी तो खाली आणला नाही. "तुम्ही सांगा."

"मला आता नेमकं..."

"मगदूमसाहेब, मी अजून सेव्ह केलेलं नाही."

हे त्यांना लगेच समजलं नाही. शेटे सरांना समजलं. त्यांनी पेला टेबलावर ठेवला. मग चेअरमनना समजलं. माणूस मोठा हुशार. पडद्यावर आपलं सगळं पाणी नुसतं लिहिलेलं आहे, अजून नोंदलेलं नाही, आणि ज्या बटणानं ते नोंदलं जाणार आहे त्यावर एका अनोळखी पोरीचं बोट आहे, एवढा हिशेब त्यांनी मांडला. मांडायला वेळ घेतला नाही.

"सांग की रं," ते मगदुमांना म्हणाले. "का मी सांगू?"

मगदुमांनी दाराकडे पाहिलं नाही. "आदगोंडा भीमगोंडा खोत," ते म्हणाले. "गेट नऊ. पानमळा. मंगळवार आणि शुक्रवार. संध्याकाळी चार ते साडेपाच."

"सहा," दारातून आवाज आला.

पद्माक्का त्या दिवशी त्या खोलीत बोलल्या तो हा एकच शब्द.

"सहा," मगदूम म्हणाले.

मी सहा लिहिलं आणि सेव्ह केलं. दोघांचं एकदमच. पाळीपत्रक छापायला सोडलं. तो प्रिंटर जुना होता, गुरगुरल्याशिवाय कागद ओढत नसे. तो गुरगुरत असताना गजबर चावी खांद्यावर टाकून निघाला. मगदूम म्हणाले, "अरं, कागद तर घे."

गजबरने भिंतीवरच्या घड्याळाकडे हात केला. "चार वाजून गेले की," म्हणाला, आणि उतरला.

त्याच्या मागोमाग पद्माक्का गेल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांचं बरोबर होतं. मी त्यांना काही दिलं नव्हतं.

बाहेर शेटे सरांनी गाडीची काच खाली केली. सोमवारपासून यायचं नाही, असं सांगितलं. ते मी गृहीत धरलं होतं. मग इंजिन चालू केलं, पण काच खालीच राहू दिली. कारखान्याचं काम गेलं असणार, ते त्यांना दिसत होतं. पण माणूस शेवटी कारागीर होता, त्याला राहवेना.

"खरं सांग. प्रत होती ना तुझ्याकडे?"

मी उत्तर दिलं नाही. पुढे पुण्यात एका कार्यक्रमात भेटले तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही दिलं नाही. माझ्या वहीत त्यांचं एवढंच देणं मी थकवून ठेवलंय.

गाडी गेल्यावर मी वळले तर संस्थेच्या दारात पद्माक्कांच्या चपला तशाच. त्या अनवाणी निघून गेल्या होत्या. रस्ता तापलेला होता. मी चपला उचलल्या आणि मळ्याच्या वाटेला लागले. नऊ नंबरच्या गेटाशी गजबर चावीवर वजन टाकून उभा होता. बांधापाशी पोहोचले तेव्हा आत सरीतून पाणी पुढे सरकल्याचा आवाज येत होता, आणि पुढच्या दोन ओळी कधीच्या गेलेल्या असताना पद्माक्का आधी त्यांनाच पाणी दाखवत होत्या.

मी हाक मारली नाही. चपला बांधावर ठेवल्या.